बायचे कोरडे केस

भेंडीला पहिलं फूल आलं की माझा डावा डोळा पाणी काढायला लागतो. आज सकाळी बांधावरून जाताना फूल दिसलं. पिवळंधमक, आत बुडाशी काळपट लाल. मी तिथंच थांबलो. खरं तर किती देखणं फूल आहे! लोक गुलाबाचे फोटो काढतात, जास्वंदीला देवाच्या डोक्यावर नेऊन बसवतात. भेंडीच्या फुलाकडं मात्र कुणी ढुंकून बघत नाही. मी बघतो, आणि बघून घाबरतो. दुपारी जेवताना डोळा ओला झाला, एकच नाकपुडी वाहायला लागली, आणि डावी पापणी खाली उतरली, जशी काय माझ्या अर्ध्याच तोंडाला झोप आली आहे. "आला मेला," मी मोठ्यानं म्हणालो. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात, किन्हवलीच्या पुढं. भात झोडून झालं की खाचरांत अजून ओल असते, त्या ओलीवर भेंडी नि काकडी लावायची. पौषात तोडा सुरू होतो. दिवस उजाडायच्या आत शेतात जायचं, दवानं ओटीपर्यंत भिजायचं आणि दिवसाआड भेंडी खुडायची, कारण एक दिवस चुकला तर ती जून होते आणि व्यापारी ती हातात मोडून आपल्याच अंगावर टाकतो. भेंडीची लव फार खाजते. बाया हाताला जुने पायमोजे चढवतात. पहाटेच्या धुक्यात मोजे घातलेले ते हात सरींमधून वर-खाली होताना दिसले की मला अजून हसू येतं. मग त्यातले दोन हात यंदा नाहीत हे आठवतं, आणि हसू राहून जातं.

ते हात माझ्या थोरल्या बहिणीचे, वत्सलाचे. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. मी सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, मला ती चारचौघांत बाळ्या म्हणायची. बाजारात व्यापाऱ्यासमोर मी भावावरून तावातावानं भांडत असलो की मागून आवाज यायचा, "बाळ्या, नाक पूस आधी." झालं, माझं भांडण तिथंच बसायचं.

नाक पुसायला लावणारं हे दुखणं मला विशीपासून आहे. वर्षातले दहा महिने मी ठणठणीत असतो, पोती उचलतो, पिकअप चालवतो. पौष लागला की डाव्या डोळ्याच्या मागं दुखायला लागतं, आणि तेही दिवसा नाही, रात्री. झोप जरा कुठं लागते न लागते तोच तापलेली पळी डोळ्यामागं खुपसून कुणीतरी ढवळतंय असं वाटतं. लोकांचं डोकं दुखलं की लोक अंधार करून पडून राहतात. मला पडवत नाही, बसवत नाही. मी ओट्यावरून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यावरून ओट्यापर्यंत चालतो, घराच्या लाकडी खांबावर डोकं आपटतो, ओरडतो. आई असताना ती माझ्यामागं चालायची. नंतरची किती वर्षं मी एकटाच चाललो. शिमगा जवळ आला की एक रात्र अशी येते की दुखतच नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. गेलं. पुढल्या पौषापर्यंत सुट्टी.

काय काय केलं नाही आम्ही! एकानं दात किडलाय म्हणून चांगला दात उपटला. एकानं चष्मा दिला. एकानं नाकाचं हाड वाढलंय म्हणून सांगितलं. भगतानं कानशिलावर तापल्या सळईचा डाग दिला, तो अजून आहे, न्हावी दर वेळी विचारतो. लग्न जमेना. पौषात लग्नं नसतात म्हणून मला वाटायचं, चला, आपलं गुपित राहील, शिमग्यानंतर बघू. पण गाव ते गाव. मुलीकडच्यांच्या घरी आमच्या आधी बातमी पोचायची की पोराला रात्री लागतं. लागतं म्हणजे भूत लागतं. एका मुलीच्या बापानं तर चहा पाजता पाजता माझ्या पायांकडं बघून घेतलं, उलटे आहेत का म्हणून.

बाय घरी आली ती कोरोनाच्या वर्षी. दाजी, म्हणजे तिचा नवरा, त्यात गेले. पोरबाळ नव्हतं. सासरी कुणी नको म्हणालं नाही आणि कुणी राहा असंही म्हणालं नाही, म्हणून एक पिशवी घेऊन ती माहेरी आली. पहिल्याच पौषात तिनं माझं ते रात्रीचं नाचणं बघितलं. सकाळी ती सूप घेऊन बसली. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ह्यो तुझा जावईच की रे. दरसाल येतो, ठरल्या टायमाला येतो, रातभर घर जागवतो, आणि कवा जाणार ते इचारायची सोय नाय." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव जावई पडलं. दहावा ग्रहच तो. नाव पडल्यावर दुखणं काही कमी झालं नाही, पण रात्री खांब धरून उभा असताना ती "आलं का जावईबापू?" असं विचारायची, तेव्हा तेवढ्यातही मला हसू फुटायचं.

तिनंच मला कल्याणला नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "दुखतं तेव्हा तुम्ही पडून राहता की फिरता?" मी म्हटलं, फिरतो. त्यानं मान हलवली. क्लस्टर हेडेक म्हणाला. पंचवीस वर्षांनी माझ्या भुताला नाव मिळालं. गोळ्या लिहून दिल्या, आणि म्हणाला, रात्री घरी ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवा, दुखायला लागल्याबरोबर मास्क लावून जोरात सोडायचा. मला हसूच आलं. हवेनं डोकं थांबतं होय? मी बायकडं बघितलं. ती हसत नव्हती. तिचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं, खर्चाचं मनात आलं असेल.

आसनगावहून पिकअपमध्ये सिलिंडर घेऊन आलो त्या दिवशी अर्धी वाडी ओट्यावर जमली. कोरोनानंतर आमच्याकडं सिलिंडर म्हणजे शेवटची घटका. माणसं पडलेल्या चेहऱ्यानं आली, चपला लांब काढून बसली. शेजारच्या काशीकाकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "कोन सिरीयस हाय गो?" बाय म्हणाली, "कोन नाय. जावयाची सोय केलीय." काकूंना काही कळेना. त्या चहा पिऊन तशाच डोळे पुसत गेल्या.

सिलिंडर देणाऱ्यानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. जवळपास जाळ नको, आणि चावीला किंवा नळीला तेलाचा हात लागता कामा नये, भडका उडेल. मी ऐकलं आणि सोडून दिलं. बायनं ते मनात धरलं. त्याच संध्याकाळी तिनं घरातली चूल हलवली, अंगणात चिंचेखाली तीन दगड मांडले. पौषाच्या थंडीत कानाला फडकं बांधून ती बाहेर भाकऱ्या थापायची. देवापुढचा दिवासुद्धा तिनं तुळशीपाशी नेला. मी म्हणालो, "अगं, एवढ्या लांबनं काय होत नाय." तर म्हणाली, "तुझं डोकं गेलंय ते गेलंय, घर तरी राहू दे."

आणि तेल. माझी बहीण लहानपणापासून रोज सकाळी खोबऱ्याचं तेल चोपडून घट्ट वेणी घालणारी. तिच्या उशीला, चादरीला, मायेलासुद्धा तोच वास. रात्री चावी तिलाच फिरवावी लागायची. दुखायला लागल्यावर माझे हात माझे राहत नाहीत. झोपेतून उठताना आपला हात केसांवरून फिरतोच, आणि तोच हात चावीला लागला तर? म्हणून सिलिंडर घरात असेतोवर तिनं डोक्याला तेल लावणं बंद केलं. अख्खे दोन महिने. तिचे केस राठ झाले, पिंजारले, धुक्यात उभे राहायला लागले. आमच्याकडं बाईचे केस असे कोरडे दिसले की एकच अर्थ. तोड्याला आलेल्या बाया विचारायच्या, "कुनाचं सुतक धरलंयस गो वच्छे?" ती सरीतून मान वर न करता म्हणायची, "बाळ्याच्या डोक्याचं."

गेल्या माघात तिला शेवटची अंघोळ घालताना ह्याच बायांनी तिच्या डोक्याला तेल लावलं. भरपूर लावलं, वाटीभर. मी ओट्यावर उभा होतो, वास बाहेरपर्यंत आला. मला एकदम राग आला, कुणावर ते कळेना. मी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकून रडलो.

सिलिंडर आल्यानंतरच्या रात्री कशा होत्या ते सांगायला हवं. ती सिलिंडरच्या बाजूला गोधडी टाकून निजायची. मला जाग यायच्या आधी तिला यायची. "तुझा श्वासच बदलतो," म्हणायची. मी कण्हत उठून बसेपर्यंत मास्क तोंडावर आलेला असायचा, चावी फिरलेली असायची, सूं असा आवाज खोलीत भरलेला असायचा. गार, बेचव हवा. मी पुढं वाकून ती ओढायचो, आणि ती माझं मनगट धरून बसायची. दोन माणसांचा भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात पळी थांबायची. आधी ढवळणं थांबायचं, मग ताप उतरायचा, मग नुसता थकवा उरायचा. पंचवीस वर्षं जे तासन् तास चालायचं ते एवढ्यात संपायचं. पहिल्या रात्री मी हमसून रडलो. दुखण्यानं नाही, एवढं सोपं होतं म्हणून.

पण दुखणं कमी होतंय असं दिसलं रे दिसलं की ती घाई करायची. "काढ आता. काढ." मी हातानं थांब म्हणायचो. "काढ म्हनते ना!" एकदा मी चिडलो. मास्क वर करून म्हणालो, "थांब की जरा! गॅस काय तुझ्या बापाचा संपतोय?" ती म्हणाली, "माझा बाप तोच तुझा बाप, गाढवा. काढ." आणि मास्क काढून घेतला, पदरानं पुसला, पिशवीत घालून खुंटीला लावला. मग मला झोप यायची. दुखणं गेलं की मला मेल्यासारखी झोप येते, ढोल वाजवले तरी जाग येत नाही. ती बसलेली असायची. तिला परत केव्हा डोळा लागायचा ते मला कधी कळलं नाही. पहाटे मी उठायचो तेव्हा ती हाताला मोजे चढवून शेतात गेलेली असायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. आधी विहिरीच्या चढावर, मग सपाटीवर. भेंडीच्या सरीत ती मधेच खाली बसायची आणि बाया पुढं निघून जायच्या. मी तिला शहापूरला नेलं. छाती तपासली, फोटो काढला. चुलीचा धूर, आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळ्याचा राब जाळतो त्याचा धूर, एवढ्या वर्षांचा तो सगळा आत साठलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोंडानं ओढायचा पंप दिला. रात्री थोडा ऑक्सिजन लागेल, म्हणाले. मी खूश झालो. म्हटलं, साहेब, घरातच आहे की! त्यांनी तिच्यासाठी वेगळी नळी दिली, किती हळू सोडायचा ते चावीवर दाखवून ठेवलं.

घरी आल्यावर बाय म्हणाली, "मी नाय लावायची."

मला वाटलं, माझ्यासाठी वाचवतेय. मी समजावलं, दुसरा सिलिंडर आणतो. नाय. मी ओरडलो. नाय. एका रात्री ती झोपलेली बघून मी हळूच नळी तिच्या नाकाशी नेली, तर खाडकन उठली आणि माझ्या थोबाडीत दिली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बहिणीच्या हातची थोबाडीत खाणारा मी तालुक्यात एकटाच असेन. गाल चोळत मी म्हणालो, "अगं पण का?" तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि थांबत थांबत, दम घेत बोलली.

"त्यांना नेला ना दवाखान्यात, मला आत नाय सोडला. चार दिसांनी एका पोरीनं फोनवर दावला. तोंडावर ह्योच मास्क. त्यांनी हात केला. काढा म्हनत होते का ये म्हनत होते, मला काय कळला नाय रे. मग मानूसच बघाया नाय मिळाला. आपल्या वाडीतनं जेवढ्यांना नळी लागली, त्यातला एक तरी मागं आला का, सांग मला."

मी आठवून बघितलं. गणूमामा नाही. शाळेतले शिपाई नाहीत. दाजी नाहीत. खरंच कोणी आलं नव्हतं.

"मग माझ्या तोंडाला कशी लावतेस रोज?"

तिनं खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं. मग म्हणाली, "तू वरडतोस ना."

म्हणजे रोज रात्री तिनं स्वतःच्या हातानं मला तो मास्क लावला होता, आणि प्रत्येक वेळी तिला दाजींचं तोंड दिसलं होतं. मनगट धरून बसायची ते नाडी बघायला. "काढ, काढ" म्हणून घाई करायची, त्या घाईचा आणि गॅसचा काही संबंध नव्हता. मी मागं येतोय का, हे तिला एकदाचं बघायचं असायचं. हे सगळं मला त्या रात्री कळलं, आणि त्यानंतर ती नुसतं "काढ" म्हणायच्या आधीच मी मास्क काढायला लागलो, थोडं दुखत असलं तरी. पण तिच्या श्वासापुढं माझा काही इलाज चालेना. घरात ऑक्सिजन भरलेला, आणि माझी बहीण त्याच्या शेजारी रात्रभर घरघर करत, उशीला टेकून बसलेली. तिनं एकदा, एकदाच जरी तो घेतला असता! मी विनवलं, शपथा घातल्या, जेवायचा थांबलो. ती म्हणायची, "उपाशी रहा, डोका आनखी दुखंल."

माघातल्या एका तोड्याला ती सरीत बसली ती उठलीच नाही. ओठ निळे पडले होते. पिकअपमध्ये भेंडीचे क्रेट भरून झाले होते, मी ते उतरवायला लागलो तर हातानं नको म्हणाली. "वाटंतच हाय बाजार. टाकून जाऊ." तसल्या अवस्थेत! मी बाजारात थांबलो नाही. शहापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा भेंडी मागंच होती, आणि बाय तुटक तुटक श्वासांमधून मला त्याबद्दल बोलत होती.

तिथं त्यांनी मास्क लावला आणि तिनं तो काढला. परत लावला, परत काढला. सिस्टर चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुम्ही सांगा त्यांना. मी काय सांगणार? संध्याकाळपर्यंत असंच चाललं. थोडा वेळ ठेवायची, मग माझी पाठ वळली की हनुवटीवर ओढायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मास्क तोंडावर राहिला नाही तर अवघड आहे.

आणि रात्री माझा जावई आला. तो कशाला चुकतो! मी खाटेपाशी स्टुलावर होतो. डोळ्यामागं पहिला चटका बसला तसा उठलो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो, तिला दिसू नये म्हणून. तोंडात रुमाल कोंबला. भिंतीला कपाळ लावून उभा राहिलो, पण पाय थांबेनात. इकडून तिकडं, तिकडून इकडं. आतून सिस्टर आल्या. "तुमच्या ताई बोलवतायत. तुमचे पाय ऐकू येतायत म्हणतात."

आत बाय उठून बसली होती. मास्क हातात धरून माझ्यापुढं केला होता. "घे. येळ झाली तुझी."

"बाय, तो तुझा आहे. लाव गो, पाया पडतो तुझ्या."

"आधी ह्याला लावा," ती सिस्टरना म्हणाली. "ह्याचा थांबू द्या. मग मी लावते."

हंगामात माझा मास्क माझ्या पिशवीत कायम असतो. सिस्टरनी डॉक्टरांना विचारलं, शेजारची खाट रिकामी होती, तिथल्या सिलिंडरला माझा मास्क जोडला आणि मोठ्यानं सोडला. मी खाटेवर पुढं वाकून बसलो. बायनं हात लांब केला, तो माझ्या मनगटापर्यंत पोचेना, म्हणून सिस्टरनी माझी खाट तिच्याकडं ओढली. तिनं मनगट धरलं. मी तिच्याकडं बघत श्वास ओढत होतो, ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचा मास्क उचलला आणि तोंडावर लावला. स्वतः. आम्ही दोघं भावंडं समोरासमोर, दोघांच्या तोंडावर मास्क, दोघांचा सूं एकात एक. तिचे डोळे भेदरलेले होते, पण मास्क तिनं काढला नाही. माझी पळी थांबली. ती काढ म्हणाली नाही. मीच काढला, आणि म्हटलं, "बघ, आलो मागं. आता तू ठेव." तिनं मान हलवली. मला आडवं व्हायची खूण केली. मी म्हटलं, नुसता टेकतो. आणि टेकलो तसाच झोपलो.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं, बाहेर चहावाल्याची किटली वाजत होती. माझं मनगट मोकळं होतं, आणि बायच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

"उठवत होते मी तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या. "पहाटे त्यांना जास्त व्हायला लागलं, तेव्हा तुमच्या खांद्याला हात लावला मी. त्यांनी माझा हात धरून ठेवला. मास्कच्या आतूनच म्हणाल्या, नको, आत्ता कुठं थांबलंय त्याचं, झोपू द्या."